मिक्सर डॅलसला न्यावा की नाही? (प्लग, पिना, व्होल्टेज वगैरे)

माजघर | १२ ऑगस्ट, सकाळी ११.०५

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

ऑक्टोबरात आम्ही दोघं सांगलीहून लेकीकडे डॅलसला सहा महिने जातोय. जाताना लंडनला दिरांकडे चार दिवस मुक्काम. लेक म्हणते काही आणू नका, इथे सगळं मिळतं. पण तिच्याकडे जो ब्लेंडर आहे त्यात नुसतं सरबत होतं. ओल्या नारळाची चटणी करायला घेतली तर खोबरं भांड्याच्या भिंतीला चिकटून बसतं आणि खाली पातं एकटंच फिरत राहतं. व्हिडिओ कॉलवर डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून माझा ७५० वॉटचा मिक्सर दोन भांड्यांसकट न्यावा म्हणते.

कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिकवाला म्हणतो, "काकू, दोनशे रुपयांचा मल्टीपिन अडॅप्टर घ्या आणि जगात कुठेही लावा." धाकटी जाऊ म्हणते, जळेल. दोघंही ठामपणे सांगतात, त्यामुळे गोंधळ झालाय.

मिक्सरशिवाय यांचं नेब्युलायझर, कानाच्या मशीनचा चार्जर, दाढीचं मशीन, दोन मोबाइल, एक टॅब आणि छोटी इस्त्री एवढं आहे. यातलं कुठलं चालेल, कुठलं नाही?

स्पष्टवक्ता | सकाळी ११.२०

यादीत घरघंटी राहिली.

माजघर | सकाळी ११.४८

ती बॅगेत बसत नाही, मोजून पाहिली. :)

वऱ्हाडी_ठेचा | दुपारी १२.१०

कायले नेता हो मावशी मिक्सर? तिकडं डॅलसात मिक्सर भेटत नाई का?

वायरमनकाका | दुपारी १.३०

ताई, कोपऱ्यावरच्याचं अर्धं खरं आणि जावेचं पाऊण.

अडॅप्टर लावला की टॉप (प्लग) भिंतीत जाईल, एवढंच. अडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, दाब (व्होल्टेज) बदलत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ (सेकंदाला विजेच्या ५० लाटा). अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. नळाची तोटी बदलली म्हणून टाकी उंच होत नाही.

मी एकतीस वर्षं वायरमनकी केली. घरात सगळ्यात कमी वाचली जाणारी गोष्ट म्हणजे वस्तूच्या बुडावरचं लेबल. आज दुपारी सगळ्या वस्तू टेबलावर उलट्या घाला आणि चष्मा लावून वाचा. 'इनपुट'च्या पुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर ती वस्तू जगात कुठेही चालते, पिन तेवढी जुळवायची. मोबाइल, टॅब, लॅपटॉपचे चार्जर असेच असतात. दाढीची मशीनंही बहुतेक असतात, तरी वाचाच. नुसतं २३० किंवा २२०-२४० लिहिलं असेल तर लंडनला चालेल, डॅलसला नाही.

इस्त्री: तापणाऱ्या वस्तूंचं गणित फसवं असतं. दाब निम्मा झाला की ताकद निम्मी नाही, पाव होते. १००० वॉटची इस्त्री तिकडे जेमतेम २७० वॉटची. ती फिरवलीत तर कपडाच तिला ऊब देईल.

मिक्सर: याची मोटर कार्बनवाली, त्यामुळे ५० आणि ६० हर्ट्झ दोन्हीवर फिरते. अडचण दाबाची आहे. १२० वर मोटर फिरेल पण जोर नसेल. ताक घुसळेल. खोबरं किंवा भिजवलेली डाळ घातलीत की अडकेल, आणि अडकलेली मोटर तापते. जळक्या वार्निशचा वास आला की समजा, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) गेलं.

नेब्युलायझर: कॉम्प्रेसरचं असेल आणि २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलं असेल तर डॅलसला त्याच्यावर अजिबात विसंबू नका. चटणी एक दिवस उशिरा झाली तरी चालते, हे नाही. बॅटरीवर किंवा मोबाइलच्या चार्जरवर चालणारी छोटी नेब्युलायझर मिळतात. यांच्या डॉक्टरांना विचारून, जायच्या महिनाभर आधी घ्या आणि इथेच वापरून सवय करा.

चिंचगुळ | दुपारी १.५२

काका, साष्टांग. तोटी-टाकी जपून ठेवतेय.

बारामाही | संध्याकाळी ७.४०

मी न्यू जर्सीत २००३ पासून. माजघर ताई, तुम्ही जे करायचं म्हणताय ते मी करून बसलेय.

लग्नानंतर येताना आईने मिक्सर दिला. नवऱ्याच्या मित्राने स्टेप-अप (दाब वाढवणारा) ट्रान्सफॉर्मर आणून दिला. दिसायला लोखंडी ठोकळा, वजन दहा किलोच्या आसपास, आणि चालू केला की देवळातल्या गाभाऱ्यासारखा घुमायचा. मिक्सर ७५० वॉटचा म्हणून ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुप्पट ताकदीचा घ्यावा लागला, कारण मोटर सुरू होताना झटक्यात जास्त खेचते. ओट्यावर त्याला जागा नव्हती, म्हणून तो खाली जमिनीवर आणि मिक्सर वर. इडलीचं वाटायचं असलं की मी आधी खाली वाकून ठोकळ्याचं बटण लावायचे, मग वर उठून मिक्सरचं. अकरा वर्षं काढली. मिक्सरला काही झालं नाही, माझ्या कमरेला झालं.

आता इथल्या देशी दुकानांत आणि ऑनलाइनही ११०-१२० व्होल्टवर चालणारे भारतीय मिक्सर मिळतात. माझा सध्याचा प्रीती कंपनीचा आहे. ओलं खोबरं, डाळ, सुकी लाल मिरची, सगळं वाटतो. लेकीला आत्ताच मागवून ठेवायला सांगा आणि तुमच्या बॅगेतले ते सहा-सात किलो मेतकूट, कुळथाचं पीठ आणि गोडा मसाल्याला द्या.

अजून एक. दुकानात 'ट्रॅव्हल कन्व्हर्टर' म्हणून हलका, मुठीएवढा डबा मिळतो आणि त्यावर १६०० वॉट असं काहीतरी दणदणीत लिहिलेलं असतं. त्याला भुलू नका.

वायरमनकाका | रात्री ८.१५

बारामाही ताईंशी सहमत. त्या हलक्या डब्यात ट्रान्सफॉर्मर नसतोच. विजेची लाट मधेमधे कापून तो सरासरी दाब कमी केल्यासारखं करतो. नुसत्या कॉइलच्या इस्त्रीला किंवा हेअर ड्रायरला थोडा वेळ चालतं, इलेक्ट्रॉनिक वस्तू त्याच्यावर लावू नये. शिवाय हे डबे बहुधा २३० चं ११० करणारे असतात, म्हणजे अमेरिकेतून इकडे येणाऱ्यांसाठी. तुम्हाला उलटं हवंय. खऱ्या ट्रान्सफॉर्मरची ओळख त्याच्या वजनावरून पटते.

लेस्टरवासी | रात्री ९.०५

लंडनच्या चार दिवसांबद्दल. इथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे तुमचं सगळं सामान चालेल. पिन मात्र वेगळी: तीन चौकोनी जाड पट्ट्या. दिरांकडे अडॅप्टर असतीलच, तरी एक जवळ ठेवा, विमानतळावर सोन्याच्या भावात मिळतात.

बाथरूममध्ये आपल्यासारखा प्लग शोधू नका. फार तर दाढीच्या मशीनसाठी छोटा दोन भोकांचा सॉकेट असतो. त्यात हेअर ड्रायर वगैरे लावायचा नाही. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी, "एवढं मोठं बाथरूम आणि गीझरला पॉइंट नाही?" म्हणून विचारलं होतं.

प्लगच्या पोटात छोटा फ्यूज असतो, ३ किंवा १३ अँपिअरचा. वस्तू अचानक बंद पडली तर आधी तो बघा. आणि किटली! ३००० वॉटची असते. चहाची पावडर हातात घेईपर्यंत पाणी उकळतं.

बारामाही | रात्री ९.३०

किटलीवरून आठवलं. इथली इलेक्ट्रिक किटली साधारण १५०० वॉटची, त्यामुळे अमेरिकेत तिचं एवढं कौतुक नाही. आमच्याकडे एका वर्षी आलेल्या मावसभावाने नाशिकहून स्वतःची किटली आणली होती. अडॅप्टरने लावली, दिवा लागला, तो खूश. घरी चार-पाच मिनिटांत उकळणाऱ्या पाण्याला वीस मिनिटं लागली. तोवर मी गॅसवर सगळ्यांचा चहा करून, पिऊन, कपसुद्धा विसळले. तो किटलीजवळ उभाच. "होतंय, होतंय, बुडबुडे आलेत."

स्पष्टवक्ता | रात्री ९.४१

तो मावसभाऊ मीच नाही ना, हे तपासतोय.

रेतीघड्याळ | रात्री १०.२०

दुबईतही ब्रिटिश पद्धतीचेच चौकोनी सॉकेट. आम्ही बॅचलर होतो तेव्हा अडॅप्टर कोण विकत घेणार? वरच्या भोकात पेनाचं टोपण खुपसायचं, खालची दोन भोकं आपोआप उघडायची, त्यात आपली दोन पिनांची मोबाइलची पिन घालायची. बारा जणांच्या खोलीत टोपण असलेलं एकही पेन शिल्लक नव्हतं.

वायरमनकाका | रात्री १०.४४

रेतीघड्याळ भाऊ, तुम्ही ते गमतीने सांगताय, पण कृपया कोणी करू नका. वरचं भोक अर्थिंगचं. अर्थची लांब पिन आधी शिरते, तिने आतला पडदा सरकतो आणि मग फेज-न्यूट्रलची भोकं उघडतात. लहान मुलांनी खिळा-तार घालू नये म्हणून केलेली ती सोय आहे. तुम्ही नेमकी तीच मोडता. वर आपली गोल पिन त्या चौकोनी भोकात सैल बसते, ठिणग्या उडतात.

गंमत अशी की आपली गोल तीन पिनांची पद्धतही इंग्रजांचीच. १९३४ सालचं त्यांचं मानक. महायुद्धानंतर तांब्याची टंचाई होती, घरं नव्याने बांधायची होती, तेव्हा १९४७ मध्ये त्यांनी हा चौकोनी पिनांचा, फ्यूजवाला प्लग काढला. त्याच वर्षी ते इथून गेले. नवा प्लग घरी घेऊन गेले आणि जुना आपल्याला ठेवून गेले.

चिंचगुळ | रात्री १०.५०

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!! शाळेत इतिहास असा शिकवायला हवा होता.

तिठा | १३ ऑगस्ट, सकाळी ७.१५

काकांना पुरवणी: आपला मोठा १५ अँपिअरचा पॉवर प्लग (गीझर, एसीचा) दक्षिण आफ्रिकेत तसाच्या तसा बसतो. तिथल्या घरात भिंतीवर तो ओळखीचा मोठा तीन भोकांचा चेहरा पाहून मला गहिवरून आलं होतं. इकडे बाकी देशांत अडॅप्टर शोधत फिरलो आणि इथे कोल्हापूरचा टॉप खट्कन बसला.

लाटांवर | सकाळी ९.००

मी मर्चंट नेव्हीत. आमचो अख्खो जन्म अडॅप्टरात गेलो. :) बोटीवर बहुतेक वेळा ६० हर्ट्झ असतं, केबिनला २२० व्होल्ट. आणि घरच्यासारखा एक फेज, एक न्यूट्रल असं नसतं, दोन्ही वायरींत दाब असतो. म्हणून कोणी क्रूझवर जाणार असाल तर स्पाइक बस्टरवाला (जादा दाब गिळणारा) एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका. बऱ्याच क्रूझ कंपन्या तो बोटीवर चढतानाच काढून घेतात.

चंद्रमौळी | सकाळी १०.३५

५० आणि ६० हर्ट्झवरून एक जुनी गोष्ट सांगतो. थोडं अवांतर आहे.

१९८४ च्या सुमारास माझे थोरले काका शिकागोहून आले. येताना आमच्या बाबांसाठी रेडिओवालं गजराचं घड्याळ आणलं. लाल चकाकते आकडे. आमच्या दादरच्या चाळीत तशी वस्तू कोणीच पाहिली नव्हती. काका हुशार, त्यांनी ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरही आणला होता. घड्याळ लावलं, अख्खा मजला बघून गेला.

दुसऱ्या दिवशी बाबांची ८.१२ ची लोकल चुकली. तिसऱ्या दिवशीही. घड्याळ मागे पडत होतं. काकांनी रेडिओच्या वेळेशी लावून तपासलं: तासाला बरोब्बर दहा मिनिटं मागे. कमी नाही, जास्त नाही. शेजारच्या अण्णांनी निदान केलं की अमेरिकेतलं घड्याळ आहे, तिकडच्या वेळेकडे हळूहळू परत चाललंय.

पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं. ते घड्याळ विजेच्या लाटा मोजायचं. साठ लाटा झाल्या की एक सेकंद, असं त्याला शिकवलेलं. आपल्याकडे सेकंदाला पन्नासच येतात, म्हणून आपल्या एका तासात त्याची पन्नासच मिनिटं व्हायची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलले, हर्ट्झ नाही.

बाबांनी ते शेवटपर्यंत टाकलं नाही. त्याचा रेडिओ उत्तम होता. घड्याळावर आईने एक क्रोशाचा रुमाल घातला होता.

बारामाही | संध्याकाळी ६.१०

क्रोशाचा रुमाल!! चंद्रमौळी, किती छान लिहिलंय.

तोक्यो_लोकल | संध्याकाळी ६.३०

चंद्रमौळींच्या काकांनी ते घड्याळ जपानला नेलं असतं तर कुठल्या गावाला नेलं यावर ठरलं असतं. इथे एकाच देशात दोन्ही आहेत. टोकियोकडे ५० हर्ट्झ, ओसाकाकडे ६०. १८९० च्या दशकात टोकियोने जर्मनीहून जनित्रं मागवली आणि ओसाकाने अमेरिकेहून, तेव्हा पडलेली फाळणी अजून मिटलेली नाही. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेचा दुष्काळ पडला, तेव्हा पश्चिमेची वीज हवी तेवढी इकडे वळवता आली नाही, त्यामागे हेच.

व्होल्टेज १००, पिना अमेरिकेसारख्या दोन चपट्या. पण अमेरिकेचा म्हणून घेतलेला तीन पिनांचा अडॅप्टर इथे बऱ्याच ठिकाणी बसत नाही, भिंतीत दोनच भोकं असतात. दोन पिनांचा आणा.

सहलबाई | रात्री ८.००

युरोपचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आम्ही चाळीस जणांच्या टूरबरोबर गेलो होतो. आपली मोबाइलची बारीक दोन गोल पिन जर्मनी, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड सगळीकडे गेली. मी कौतुकाने घेतलेला जाड गोल जर्मन अडॅप्टर स्वित्झर्लंडात मात्र अडला. तिथे सॉकेट लहान, सहा कोनांच्या खळग्यातला. शेवटी अडॅप्टर पिशवीत आणि साधी पिन भिंतीत. चौकोनी ठोकळ्यासारखे 'सर्व देशांसाठी' अडॅप्टर जर्मनीत खोल सॉकेटमध्ये नीट टेकत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

दुसरं, हॉटेलात दाराजवळच्या खाचेत किल्लीचं कार्ड घातलं की वीज चालू. दिवसभर फिरायला जाताना कार्ड काढलं की चार्जिंगला लावलेला पॉवर बँक उपाशी. जास्तीचं कार्ड मागून घ्यायचं.

आणि उपम्याची गोष्ट. टूरमधल्या तीन खोल्यांत एकाच वेळी प्रवासी कुकर लागले, संध्याकाळी सात वाजता. मजल्यावर अंधार. खाली रिसेप्शनवरची मुलगी विचारते कोणाकडे काय चालू आहे, आणि चाळीस जण एकमेकांकडे असे बघताहेत की जणू कोणी रवा आयुष्यात पाहिलेलाच नाही. जिन्यात मोहरी-कढीपत्त्याचा घमघमाट.

स्पष्टवक्ता | रात्री ८.१२

अशा लोकांमुळे बाकीच्या भारतीयांना नोटिसा वाचाव्या लागतात. खोलीत स्वयंपाक करू नये असं लिहिलेलं असतं.

सहलबाई | रात्री ८.२०

बरोबर आहे तुमचं. उपमा चांगला झाला होता पण.

घोरासुर | रात्री ९.१०

झोपेत श्वास अडकतो म्हणून मी सीपॅप मशीन घेऊन फिरतो. त्याचा अडॅप्टर १००-२४० चा असतो, तरी आपापलं लेबल बघा. माझा अनुभव असा की सॉकेट कधीच पलंगाजवळ नसतो. टीव्हीच्या मागे असतो. म्हणून मी इथलाच चार पॉइंटचा साधा एक्स्टेन्शन बोर्ड नेतो आणि पुढे एकच अडॅप्टर लावतो. बायकोचा मोबाइल, माझं मशीन, कॅमेरा, सगळं एकाच जागी.

एक शंका: दोन पिनी अडॅप्टरवर लॅपटॉप लावला की पत्र्याच्या अंगाला हात फिरवताना झिणझिण्या येतात. मशीन खराब आहे का?

वायरमनकाका | रात्री ९.५०

बोर्डाची युक्ती चांगली, पण त्यावर चार्जरच लावा, तापणारं काही नको. सगळा भार त्या एका अडॅप्टरवर येतो.

झिणझिण्या: बहुतेक प्रवासी अडॅप्टरमध्ये अर्थिंग पुढे जातच नाही. चार्जरच्या आत गोंगाट गाळण्यासाठी जे छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून अगदी किंचित गळती होते. तिला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून ती तुमच्या हाताला गुदगुल्या करते. चांगल्या चार्जरची असेल तर धोका नाही. चटका बसला तर मात्र ताबडतोब काढा.

मी तर म्हणतो, लॅपटॉपला अडॅप्टर नकोच. चार्जरच्या ठोकळ्यात घुसणारी वायर सुटी निघते. त्या देशात गेल्यावर तशीच, तिकडच्या टॉपची वायर घ्या. तीन पिनी असेल तर अर्थिंगही मिळतं. काही मोबाइल-लॅपटॉप चार्जरची पिनच सरकवून निघते आणि आत इंग्रजी आठच्या आकड्यासारखं भोक दिसतं. तीच वायर जुन्या रेडिओ-टेपला असायची.

पुतळाबाई | रात्री १०.३०

उलट प्रवासाचंही सांगा की. भाची अमेरिकेहून आली, केसांचा ड्रायर घेऊन. अडॅप्टरने लावला. फट् आवाज, निळा धूर, अख्ख्या फ्लॅटची एमसीबी खाली. दोन दिवसांनी तिच्या बाबांनी तिकडून आणलेला पॉवर स्ट्रिप लावला. पुन्हा तोच प्रकार. सोसायटीचा वॉचमन आता तिला बघितलं की मीटरच्या खोलीकडे निघतो.

वायरमनकाका | रात्री १०.४१

१२० ची तापणारी वस्तू २३० वर म्हणजे जवळपास चौपट ताकद. दुसरं काय होणार? आणि त्या स्ट्रिपमध्ये जादा दाब गिळणारा भाग १२० च्या हिशोबाने बसवलेला असतो. आपला रोजचा दाबच त्याला वीज कोसळल्यासारखा वाटतो.

बेनेगल्ली | रात्री ११.१५

माझी आत्या इस्रायलला अश्दोदमध्ये असते, घरात अजून अलिबागकडची मराठी बोलतात. तिथली तीन पिनांची रचना जगात वेगळीच, पण २३० व्होल्ट आणि आपली बारीक दोन पिन जाते. आत्याने १९७० च्या दशकात नेलेला पाटा-वरवंटा अजून गच्चीत आहे. व्होल्टेजचा प्रश्न नाही.

वऱ्हाडी_ठेचा | रात्री ११.२०

घ्या मावशी! पाटाच न्या.

उडतीबात | १४ ऑगस्ट, सकाळी ८.३०

बॅगेबद्दल दोन ओळी. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायचा नाही, हातातल्याच सामानात. मर्यादा १०० वॉट-अवरची. २०,००० एमएएचचा म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून साधारण ७४, चालतो. आकडे पुसट झालेला जुना पॉवर बँक नेऊ नका, सुरक्षा तपासणीत वाद होतो. मिक्सरची भांडी न्यायचीच असली तर पात्यांसकट चेक-इनमध्ये.

माजघर | सकाळी ११.००

सगळ्यांचे किती आभार मानू! काल दुपारी सगळ्या वस्तू डायनिंग टेबलावर उलट्या घातल्या. हे भिंगाने वाचत होते आणि मी वहीत लिहीत होते. मोबाइल, टॅब, कानाचा चार्जर, दाढी: १००-२४०. इस्त्री, मिक्सर, नेब्युलायझर: २३०. डॉक्टरांना फोन केला, बॅटरीवरचं छोटं नेब्युलायझर सांगितलंय. मिक्सरचं अजून मन होत नाहीये, पण बघते.

स्पष्टवक्ता | सकाळी ११.०४

घरघंटीचं लेबल पाहिलंत का?

माजघर | ९ डिसेंबर, सकाळी ६.२० (डॅलसला आदल्या दिवशीची संध्याकाळ)

मंडळी, धागा वर काढतेय.

मिक्सर नेला नाही. लेकीने ११० चा मागवला. पहिल्याच दिवशी ओल्या खोबऱ्याची चटणी केली, भिंतीला चिकटली नाही. आमच्या सांगलीच्या मिक्सरइतका तो ओरडतोही.

नवं नेब्युलायझर उत्तम चाललंय. थंडी सुरू झाल्यावर लागलंच.

जे कोणी सांगितलं नव्हतं ते लिहिते. इथे सॉकेटला बटणच नाही! पहिले दोन दिवस मी शोधत होते. पिन लावली की चालू. दिव्यांची बटणं उलटी, वर केलं की लागतो. आमच्या खोलीत तर एका सॉकेटचं बटण दाराजवळ दिव्यासारखं आहे. हे रोज रात्री दिवा समजून ते बंद करायचे आणि सकाळी कानाचं मशीन रिकामं. चार दिवस चार्जरला दोष दिला. नातवाने शोधून काढलं, वय वर्षं सात.

आणि ओट्याजवळच्या सॉकेटवर 'टेस्ट', 'रीसेट' अशी दोन छोटी बटणं असतात. मी पुसताना एक दाबलं गेलं आणि मिक्सर बंद. मला वाटलं, आलीच जळायची वेळ! वास घेऊन पाहिला. नव्हता.

वायरमनकाका | ९ डिसेंबर, सकाळी ७.०५

रीसेट दाबलं असेल, झालं. ओल्या हाताने गळती झाली तर लगेच तोडणारी सोय आहे ती, चांगली आहे. वास घेऊन पाहिलात, मास्तरांना शिष्य मिळाला.

माजघर | सकाळी ७.३०

काका, आता लेक म्हणते जाताना धाकट्या काकूला इथला वाफल करायचा तवा न्या. मी आधीच उलटा करून वाचला. नुसतं १२० लिहिलंय. नाही म्हणून सांगितलं.

बारामाही | सकाळी ८.१०

माजघर ताई, डॅलसला फ्रोझन खोवलेलं खोबरं वापरलंत की अख्खा नारळ? आणि चटणीत लसूण घालता का? माझी अजूनही आईसारखी होत नाही.